सोलापूरच्या गिरण्या यंत्रानं बुडवल्या नाहीत

गेले काही महिने आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, सार एकच. तंत्रज्ञान चाकूसारखं असतं, डॉक्टरच्या हातात जीव वाचवतं आणि गुंडाच्या हातात जीव घेतं, दोष चाकूचा नसतो. यंत्र जात-पात बघत नाही. सोलापूरचा हातमाग गेला, गिरण्या गेल्या, कारण इथले लोक काळाबरोबर बदलले नाहीत. इंग्लंडमध्येही अडाणी लोकांनी यंत्रं फोडली, त्यांचं काय झालं ते बघा. नोकऱ्या गेल्या त्यापेक्षा जास्त आल्या. आता एआय आलंय, तेव्हा प्रश्न विचारत बसू नका, शिका नाहीतर संपा.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत वाढलो आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो. मला ही पोस्ट माझ्या विद्यार्थ्यांनीच पाठवली, पटली म्हणून पाठवली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात कुणीतरी मागावर होतं किंवा विड्या वळत होतं. आपली माणसं मागे पडली ती त्यांच्याच चुकीनं, हे या मुलांनी खरं मानावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सोलापूरचंच बोलू, कारण पोस्टमधली सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

इथला विणकर बदलला नाही, हे इतिहासाला धरून नाही. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या पद्मशाली या विणकर समाजातल्या कुटुंबांनी या शहरात हातमागाचा धंदा मोठा केला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच फ्लाय शटल उचललं. पूर्वी विणकर धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन फिरणारी कांडी, एका हातानं टाकून दुसऱ्या हातानं झेलायचा. फ्लाय शटलमध्ये दोरी ओढली की धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावतो. त्यामागून लहान नक्षी विणणारी डॉबी आली, मोठी नक्षी विणणारं जॅकार्ड आलं, घराघरातले माग एका छपराखाली आणून कारखाने निघाले. पुढे याच मंडळींनी यंत्रमाग घेतले आणि जॅकार्डवर चादर काढली. त्या सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे.

ते जॅकार्ड चालताना कधी जवळून बघितलंय का? मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते आणि पट्टीपट्टीला भोकं पाडलेली असतात. भोक समोर आलं की सुई आत शिरते आणि तिच्याशी बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकटी रंगवून काढायची, मग त्या चौकटी बघत पट्ट्या पाडायच्या. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक उमटते. भोकांची हीच युक्ती इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी घ्यायची ठरवली. जॅकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असं त्या यंत्रावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनं १८४३ साली लिहिलं. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या अशा पट्ट्या पाडल्या गेल्या, त्या शहराला तंत्रज्ञान झेपलं नाही असं म्हणणाऱ्यानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकदा चक्कर मारून यावी.

आता गिरण्या. जुनी मिल १८७० च्या दशकात उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशी नावं होत गेली. या गिरण्या अधिक आधुनिक यंत्रांपुढे हरल्या, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात देशभरच्या गिरण्यांना ज्यानं कापडाच्या बाजारात मागे टाकलं तो साधा यंत्रमाग तंत्राच्या दृष्टीनं गिरणीतल्या मागाच्या पुढचा नव्हताच. कितीतरी यंत्रमाग गिरण्यांनीच मोडीत काढलेले, सेकंडहँड होते. गिरणीनं भंगार म्हणून विकलेला माग शेडमध्ये येऊन पुन्हा चालू झाला आणि भावाच्या लढाईत त्यानं गिरणीलाच हरवलं.

माग तोच असेल तर निकाल वेगळा कसा लागला? मागाभोवतीचे नियम वेगळे होते म्हणून. १९५६ पासून केंद्र सरकारनं गिरण्यांना नवे माग वाढवायला अटकाव केला. हेतू हातमाग वाचवण्याचा होता, पण गिरणीसाठी बंद झालेलं दार यंत्रमागासाठी उघडंच राहिलं. अबकारी कराचा बोजा गिरणीवर जास्त आणि छोट्या यंत्रमागावर कमी किंवा मुळीच नाही. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट विजेवर चालणाऱ्या जागेला लागू व्हायला तेव्हा दहा कामगार लागत. मग मध्ये भिंत घातली, अर्धे माग दुसऱ्याच्या नावावर दाखवले की कुठल्याच शेडमध्ये दहा माणसं भरत नसत. गिरणीतल्या कामगाराला पगार, बोनस, प्रॉव्हिडंट फंड. शेडमधल्या कामगाराला नगावर मजुरी आणि बारा-बारा तासांची पाळी. कापड स्वस्त पडलं ते या फरकातून. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं गिरणी आणि यंत्रमाग यांना एका पातळीवर आणायचं ठरवलं, तोवर खेळ बराचसा संपलेला होता.

यंत्रमागधारकांना गुन्हेगार ठरवायला मी हे लिहीत नाही. त्यातले कितीतरी जण स्वतः विणकर होते, कर्ज काढून दोन-चार माग टाकून बसले होते. गिरणी यंत्रानं मारली, हे वाक्य मात्र खोटं आहे. कर कुणावर, कायदा कुणाला, मजुरी किती, हे माणसांनी ठरवलं होतं आणि त्याचे कागद आहेत.

एवढं मान्य करतो की काळाबरोबर न बदलण्यात तथ्याचा एक भाग आहे. देशातल्या अनेक गिरणीमालकांनी चांगल्या दिवसांत कमावलेला पैसा यंत्रात परत घातला नाही, साचे, म्हणजे गिरणीतली यंत्रं, जुने होऊ दिले. पण तो निर्णय साच्यावरच्या कामगारानं घेतला नव्हता. मशिनरी बदलायची की नाही हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि गिरणीला टाळं लागलं तेव्हा घरी बसला तोच.

चाकूचा मुद्दा. हे उदाहरण इतकं ऐकलंय की कुणी तपासून बघत नाही. चाकू हे मुळात फार साधं हत्यार आहे. ज्याच्या हातात आहे त्याचं त्यावर पूर्ण नियंत्रण असतं, म्हणून उदाहरण पटतं. आपल्या आयुष्यातली बहुतेक यंत्रं अशी नसतात. ती दुसऱ्या कुणीतरी, कुणालातरी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात आणि वापरणाऱ्याच्या हातात त्यातलं फारसं काही नसतं.

रेशन दुकानातलं ई-पॉस, म्हणजे अंगठ्याचा ठसा जुळवून धान्य देणारं मशीन घ्या. आमच्या गल्लीतल्या एक अक्का लहान वयापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, रात्री भिजवून ठेवलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कातरीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड अंगठ्याच्या नखानं मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे बोटं थांबवून चालत नाही. वर्षानुवर्षं हेच केल्यावर अंगठ्याच्या रेषा झिजून जातात. अक्कांनी मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवतात, पुन्हा लाल. मागची रांग कुरकुरायला लागते. सोलापुरात हजारो बायका या धंद्यात आहेत, आणि ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य पूर्व भागातल्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल.

दुकानदाराच्या मनात काही वाईट नसतं, मशीन बनवणाऱ्याच्याही मनात नसतं. चाकूच्या हिशोबानं इथे कुणाचाच दोष निघत नाही. तरी धान्यासाठी दोन-दोन खेपा घालाव्या लागतात त्या अक्कांना, टेबलावर बसून काम करणाऱ्याला नाही. माणसाच्या बोटावर रेषा असतातच असं मशीन धरून चालतं, आणि ज्यांच्या रेषा कामानं पुसल्या त्यांच्यावरच त्या गृहीतकाचा भार पडतो. आता ओटीपीची, काही ठिकाणी डोळ्यांच्या स्कॅनची सोय झाली आहे. लोकांनी तक्रारी केल्या, अंगठ्यावाचून उपाशी राहणाऱ्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा कुठे ती झाली. अर्थात मशीन वेगळं करता येत होतं. मेल्विन क्रान्झबर्ग या अमेरिकन इतिहासकारानं १९८० च्या दशकात हे नेमकं मांडलं होतं: तंत्रज्ञान चांगलं नसतं, वाईट नसतं आणि तटस्थही नसतं. पोस्टवाले यातला पहिला भाग घेतात, शेवटचा सोडून देतात.

यंत्र जात बघत नाही, हे वाक्य तर कापडाच्या धंद्याशी नातं असलेल्या गावात कुणी बोलूच नये.

जुन्या पद्धतीच्या धोट्यात बाण्याची (आडव्या सुताची) कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावं लागे. ते काढायचा झटपट मार्ग म्हणजे छिद्राला तोंड लावून सूत ओढून घेणं. पाळीत अनेकदा हे करावं लागे आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. मुंबईच्या गिरण्यांत सवर्ण विणकरांनी एवढ्यावरून दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिलं नाही. विणकाम खात्यातली मजुरी इतर खात्यांपेक्षा बरी होती, म्हणजे चांगल्या पैशाचं काम एका छिद्रापाशी अडलं. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला आणि संपाच्या मागण्यांत ही बंदी उठवण्याची मागणी घ्यायला लावली.

या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तोंड न लावता सूत ओवता येणारे धोटे तेव्हा अस्तित्वात होते. अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आला होता, त्यात सूत आपोआप ओवलं जायचं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली तोंडानं ओढायच्या धोट्यांवर आरोग्याच्या कारणानं कायद्यानंच बंदी घातली. इथल्या मालकांनी जुना धोटा चालू ठेवला, कारण तो होता आणि चालत होता. जातीची भिंत समाजानं आणली हे खरंच आहे. पण ती खात्याच्या दारात रोज उभी राहायला धोट्याच्या घडणीनं निमित्त पुरवलं, आणि ते निमित्त काढून टाकणं शक्य असून काढलं नाही.

सोलापुरातही बघा. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी आणि इतर भटक्या समाजांना इथे तारेच्या कुंपणात डांबलं गेलं. सेटलमेंट हे वस्तीचं नाव आजही आहे. त्या लोकांकडून गिरण्यांत काम करून घेतलं. साचा त्या काळातला अद्ययावत, आणि साच्यावर उभं राहणारं माणूस हजेरी देऊन सुटणारं, जन्मावरून गुन्हेगार ठरवलेलं. आधुनिक यंत्र आलं की माणूस आपोआप मोकळा होतो, असं मानणाऱ्यांनी ही वस्ती नजरेआड करू नये. कुंपण यंत्रानं नाही तोडलं, कायदा रद्द झाला तेव्हा ते गेलं.

इंग्लंडच्या अडाण्यांकडे येऊ. १८११ साली नॉटिंगहॅमशरमध्ये ज्यांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली ते मोजे विणणारे कसबी कारागीर होते. त्यांनी फोडलेली मोजे विणायची चौकट नवी नव्हती. विल्यम लीनं ती १५८९ च्या सुमारास बनवली होती, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं याच लोकांची पोटं तिच्यावर भरत होती. राग होता तो मालकांनी ठरलेले दर मोडल्याचा, काम शिकायची उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी पैशात बसवल्याचा, आणि रुंद कापड विणून ते कापून-शिवून हलके मोजे बाजारात ओतल्याचा. जे मालक ठरलेला दर देत होते त्यांच्या चौकटींना अनेकदा हातही लावला नाही. यंत्रविरोधकाला एवढा भेद कशाला करावा लागला असता?

सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. लॉर्ड बायरन या कवीनं उमरावांच्या सभागृहात त्या विधेयकाविरुद्ध भाषण केलं, उपयोग झाला नाही. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला १७ जणांना फासावर लटकवलं. पोस्ट विचारते, त्यांचं काय झालं बघा. झालं ते हे. ते वादात हरले नाहीत, त्यांना मारलं गेलं.

फ्रान्समधलं लिऑं हे जॅकार्डचं माहेर. तिथले रेशीम विणकर १८३१ मध्ये रस्त्यावर उतरले तेव्हा ते जॅकार्डवरच विणत होते. मागणी एकच होती, विणाईचा किमान दर ठरवा. आपल्याकडचा यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार गेली कित्येक दशकं मोर्चे काढून हेच मागत आला आहे, आणि त्याला कुणी यंत्रविरोधक म्हणत नाही.

नोकऱ्या जातात तशा येतात, यावर फार बोलायची गरज नाही. लांबच्या हिशोबात ते बऱ्याचदा खरं ठरलं आहे. पण रॉबर्ट ॲलन या अर्थशास्त्रीय इतिहासकाराच्या हिशोबानुसार १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि खरी मजुरी १२ टक्क्यांनी. दोन पिढ्या त्यात खपल्या. नंतर फरक पडायला लागला त्यात कामाचे तास बांधणारे कायदे होते, संघटना होत्या, मताचा हक्क होता. आणि नरसिंग गिरजी गिरणी बंद पडल्यावर पंचेचाळिशीतल्या जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, पुण्याजवळच्या हिंजवडीत आयटी कंपनीत निघालेल्या नोकरीचा काय उपयोग? ती त्याच्यासाठी नव्हती, फार तर त्याच्या मुलासाठी होती, आणि मुलाला शिकवायला लागणारा पगारच बंद झाला होता.

राहिला एआय. शिका, हे मीही रोज वर्गात सांगतो. भांडण ‘प्रश्न विचारू नका’ याच्याशी आहे.

माझे विद्यार्थी पुण्याच्या कंपन्यांत अर्ज करतात तेव्हा तो अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळण्याची शक्यता आता बरीच असते. ॲमेझॉननं असंच एक सॉफ्टवेअर बनवून पाहिलं होतं. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले, त्यात पुरुषांचे अर्ज जास्त होते, तर ते बायकांच्या अर्जांना कमी गुण द्यायला शिकलं. कंपनीनं ते गुंडाळलं, आणि २०१८ मध्ये ही गोष्ट जगासमोर आली. सोलापूरच्या मुलीनं कितीही कोर्स केले तरी असल्या चाळणीत तिचं काय होईल हे तिच्या शिकण्यावर ठरत नाही. चाळणीला काय शिकवलंय आणि ते कुणी तपासलंय का, यावर ठरतं. हा प्रश्न विचारणं हे विज्ञानाचंच काम आहे. उपकरणातली चूक शोधल्याशिवाय आपण प्रयोगशाळेत साधं वाचनसुद्धा ग्राह्य धरत नाही.

आणि यंत्र आपोआप येतं, वाऱ्यासारखं, हेही खरं नाही. एप्रिल १९९९ मध्ये केंद्रानं वस्त्रोद्योगासाठी टेक्नॉलॉजी अपग्रेडेशन फंड योजना आणली, यंत्रासाठी घेतलेल्या कर्जावरच्या व्याजातले पाच टक्के सरकारनं सोसले. म्हणजे यंत्र स्वस्त करण्याचा निर्णय झाला आणि करदात्यांच्या पैशानं झाला. मला त्या योजनेचं वावडं नाही. नवे, धोट्याशिवाय चालणारे रॅपियर माग आले नाहीत तर आपला टॉवेल बाजारात टिकणार नाही, हे मला दिसतं. पण मालकाच्या यंत्रासाठी सार्वजनिक पैसा जात असेल, तर त्या यंत्रामुळे रिकामा होणाऱ्या कामगाराच्या प्रशिक्षणासाठी, त्याच्या मधल्या महिन्यांच्या घरखर्चासाठी त्याच योजनेत किती, हे विचारायचा हक्क शहराला आहे.

डॉ. आंबेडकर यंत्राच्या बाजूचे होते, हे इथे मुद्दाम सांगतो. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत मिळणार नाही आणि फुरसतीशिवाय त्याला माणसासारखं जगता येणार नाही, असं ते मानत. यंत्राचे फायदे मूठभरांनी लाटले तर त्यावर उपाय यंत्राला नावं ठेवणं हा नाही, फायदे सगळ्यांपर्यंत पोचतील अशी समाजाची रचना बदलणं हा आहे, असं त्यांनी १९४० च्या दशकात लिहून ठेवलं. धोट्याच्या छिद्राचा प्रश्न मांडणारा आणि यंत्राची बाजू घेणारा माणूस एकच होता. दोन्हीत विसंगती त्यांना दिसली नाही, मलाही दिसत नाही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना माझं उत्तर असं: एआय शिकाच, आणि शिकताना प्रत्येक यंत्राबद्दल तीन गोष्टी लिहून काढा. ते बनवताना कुणाचा अंगठा डोळ्यांसमोर होता? वाचलेली मजुरी कुणाच्या खिशात जाते? ते चुकलं तर तक्रार कुठल्या खिडकीवर करायची? ज्या यंत्राबद्दल या तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत, ते बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि त्याला अनुदान देणाऱ्याला ती विचारा. लेखी विचारा.